पांढरं बराबर तर समदं बराबर

मी एकदा शेजाऱ्याचा टीव्ही दुरुस्त केला. तो घरात नसताना, त्याला न विचारता. आणि चांगला दुरुस्त केला, हीच खरी रड आहे. माझे बाकीचे मूर्खपणे निदान अर्धवट तरी राहिले. हा एकच तडीस गेला.

तेव्हा मी जेमतेम साठीची होते. पोरवयच म्हणायचं. या वयात बाईला वाटतं की आपल्याला आता जग कळलं. मालक वारलेले, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, आणि कुंभार पिंपळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांच्या बाया साड्या काखेत मारून यायच्या, आणि मी चष्मा न लावता सांगायचे की ह्याला आमसुली अस्तर नको, वांगीच पाहिजे. दोऱ्याची रिळं मी अंधारातही ओळखते, असं बाया म्हणायच्या. बायांचं काय, शिलाई कमी करून घ्यायची असली की त्या काहीही म्हणतात. मी मात्र ते खरं धरून बसले होते. रंगाच्या बाबतीत अख्ख्या घनसावंगी तालुक्यात आपल्यासारखी नजर नाही, असं मला मनापासून वाटत असे.

तर शेजारी होते लिंबाजीआप्पा. आता तेही नाहीत आणि त्यांच्या कौसाबाईही नाहीत. घराला कुलूप आहे आणि कुलपाला गंज.

आप्पा टीव्ही मागून बघत. तो टीव्ही म्हणजे जुना, मागे भलं मोठं पोट असलेला, दोघांनी उचलायचा. त्याचं मागचं झाकण आप्पांनी काढलं ते कायमचंच. त्या उघड्या पोटाशी पाट टाकून ते मांडी घालून बसत आणि समोरच्या भिंतीला एक आरसा तिरपा टेकवून ठेवत. मागं काय फिरवलं की पुढं काय होतं, हे त्या आरशात दिसायचं. एखादा मेकॅनिक असं घटकाभर करील. आप्पांनी वर्षानुवर्षं सगळ्या मालिका, सगळ्या बातम्या अशाच आरशात पाहिल्या, म्हणजे उलट्या पाहिल्या. त्यामुळे टीव्हीतली झाडून सगळी माणसं डावखुरी असतात, अशी त्यांची खात्री झाली होती.

"वैनी, ह्या मुंबईच्या लोकायला उजव्या हातानं जेवता येत न्हाई का हो?" त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं. "येवढाले बंगले अन् नैवेद्य डाव्या हातानं दाखवून राह्यले."

मी म्हटलं, "आप्पा, आरसा आहे तो."

"आरसा खोटं कामून बोलंल?" आप्पा म्हणाले.

आप्पा काही टीव्हीचे मेकॅनिक नव्हते. त्यांची नोकरी झाली अंकुशनगरला, साखर कारखान्यावर. उसाच्या रसाची घट्ट काळपट राब गरगर फिरणाऱ्या यंत्रात पडते, वरून पाण्याचा फवारा बसतो, मळी निघून जाते आणि आत साखर उरते. ती पुरेशी पांढरी झाली की नाही, हे बघणारा माणूस म्हणजे आप्पा. जन्मभर त्यांनी पिवळं धुऊन पांढरं केलं. रिटायर झाल्यावर घरी पिवळं काही सापडेना, तेव्हा ते टीव्हीच्या मागं लागले. टीव्हीत लाल, हिरवा आणि निळा असे तीनच रंग असतात आणि तिन्ही सारखे पडले की पांढरा होतो, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं, आणि त्यांना नवीन कारखान्यावर लागल्यासारखं झालं. पडद्याशेजारी स्वतःचं धुतलेलं धोतर धरायचे, एकदा धोतराकडं बघायचे, एकदा पडद्याकडं. "पांढरं बराबर तर समदं बराबर," असं म्हणायचे. गावात कोणाच्याही टीव्हीचा रंग बिघडला की आप्पा आपलं धोतर घेऊन हजर. म्हणजे दुसरं धोतर. नेसलेलं वेगळं.

टीव्हीच्या आतल्या पिक्चर ट्यूबच्या मानेशी रंगाचे तीन बारके पेच असतात. कोणता कशाचा हे चुकू नये म्हणून आप्पांनी लाल पेचाशी कुंकू लावलं होतं, निळ्याशी कपड्याची नीळ, आणि हिरव्याशी कौसाबाईंच्या फुटक्या बांगडीचा तुकडा चिकटवला होता. लोखंडी पेचकस चालत नाही, झटका बसतो, म्हणून दात घासायच्या ब्रशची दांडी घासून त्याचा पेचकस केलेला. तो नेहमी कानावर असायचा.

एकदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी भला मोठा स्पीकर आप्पांच्या टीव्हीला लागून ठेवला. स्पीकरात लोहचुंबक असतं. दुसऱ्या दिवशी बघतात तर पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग. बातम्या देणाऱ्या बाईच्या अर्ध्या तोंडावर, नवऱ्यानं हाणल्यासारखा. आप्पांनी सायकलच्या रिंगवर तांब्याची तार गुंडाळली, तिच्यात करंट सोडला आणि ती रिंग दोन्ही हातांत धरून पडद्यापुढं गोल गोल ओवाळत हळूहळू मागं सरकायला लागले. कौसाबाई तेव्हा हिंडत्याफिरत्या होत्या. चुलीपासून त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "मीठ-मोहऱ्या बी घ्या की हातात. दृष्ट काढायची तर बराबर काढा."

आणि डाग गेला! तेव्हापासून आप्पा टीव्हीची दृष्ट काढतात, असं गावात झालं.

हसण्यासारखं एवढंच. पुढचं सांगताना मी हसले तर ती माझी खोड समजा.

साखरेनं त्या घराला जन्मभर पोसलं आणि मग साखरेनंच वसुली लावली. कौसाबाईंना साखरेचा आजार. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळंच. बाई बाजेवर आली. वास येऊ नये म्हणून आप्पा दिवसातून कितीदा तरी फरशी पुसायचे, तरी यायचाच. कौसाबाई म्हणायच्या, "शांते, माणूस येका दमात जावं गं. हे असं किलो-किलोनं जायाचं म्हंजे..." आणि उरलेला पाय हलवून दाखवायच्या. मी हसायचे. त्यांना तेच पाहिजे असायचं. आमच्यात रडणारीला चहा मिळत नसे.

आता त्यांना बाजेसमोरचा टीव्ही हेच जग. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, ही माणसं पिवळी कामून दिसून राह्यली?"

आप्पांनी आरशात पाहिलं. आरशात माणसं ठीक होती. पुढं येऊन पाहिलं, ठीकच होती. मी तिथंच होते. आप्पांनी काही वेळ कौसाबाईंकडं पाहिलं, मग कानावरची दांडी काढली आणि मागं जाऊन बसले.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई वो. अजून हळद लावल्यावानीच हाय."

हे सुरू झालं ते वर्षभर चाललं. सकाळी अंघोळपाणी, सुई, औषध झालं की आप्पा टीव्हीमागं आणि कौसाबाई टीव्हीपुढं. मधल्या भिंतीतून मला दिवसभर ऐकू यायचं. "आता?" "न्हाई." "जरा?" "वाईच." "बराबर?" "कशाचं बराबर, डोळे फुटले का तुमचे?" शिवताना माझं पायडलसुद्धा त्याच तालावर पडायला लागलं. आप्पांना आता एकच पाहिजे होतं. कौसाबाईंनी एकदा, फक्त एकदा, "बराबर" म्हणावं. त्यासाठी त्यांनी गावचे टीव्ही बंद केले, पारावर जाणं बंद केलं. आरसासुद्धा उचलून माळ्यावर टाकला. म्हणाले, "आरशाचं काय ऐकायचं? बघणारी ती हाय."

"काय झालंय हो आप्पा टीव्हीला?" मी विचारलं.

"टूब म्हातारी झाली वैनी. पिवळं सोडून राह्यली."

पिवळं! अहो, तो टीव्ही निळा झाला होता! दर आठवड्याला जास्त निळा. मी संध्याकाळी जाऊन बसायचे तर मालिकेतलं अख्खं कुटुंब विहिरीतून काढल्यासारखं. सून सासूच्या पाया पडतेय आणि दोघीही मयत. लग्नातली नवरी बघून मला वाटलं, हिला साप चावला आणि अजून मंगलाष्टकं कशी चाललीत! आणि बाजेवर कौसाबाई समाधानानं म्हणायच्या, "कालच्यापेक्षा बरं हाय आज." मी ओठ दाबून बसायचे आणि घरी येऊन पोट धरून हसायचे. म्हातारा चळला, एवढं माझं निदान पक्कं होतं.

आप्पांच्या मुलानं पुण्याहून नवा चपटा टीव्ही पाठवला. आप्पांनी खोका उघडून त्याची पाठ तेवढी पाहिली आणि आल्या गाडीनं परत पाठवला. "ह्याच्या मागं फिरवायला कायबी न्हाई," म्हणाले. गाव आप्पांना हसलं. गावाच्या पुढं मी.

माझ्या हुशारीचा आणखी एक नमुना ऐकून ठेवा. त्याच सुमारास कौसाबाई मला म्हणाल्या, "शांते, तुझं तोंड पिवळं दिसून राह्यलं. कावीळ झाली का तुला?" मी घाबरले. घरी जाऊन आरशात पाहिलं, आणि बघायचंच म्हटल्यावर पिवळं दिसतंच. वडीगोद्रीकडं एक बाबा काविळीची माळ घालायचा. लहान माळ डोक्यावर ठेवायची आणि कावीळ उतरत गेली की माळ वाढत वाढत गळ्यात उतरते म्हणे. मी ती माळ डोक्यावर घेऊन बिनतेलाचं, बिनमिठाचं गिळत घरात बसले. दुकान बंद. लग्नसराईतली गिऱ्हाईकं दारावरून परत. माळ काही उतरेना. उतरणार कशी, कावीळच नव्हती! शेवटी ती मी मांजराला खेळायला दिली. कौसाबाई तर दुधाला पिवळं म्हणायच्या आणि म्हशीला शिव्या द्यायच्या, भिंतीला पिवळं म्हणायच्या आणि चुन्याला शिव्या द्यायच्या. इतकं सगळं समोर मांडून ठेवलेलं असूनही, रिळं अंधारात ओळखणाऱ्या माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

मग तो दिवस आला. आप्पांना औषधं आणायला अंबडला जायचं होतं. म्हणाले, "वैनी, तिच्यापाशी बसता का? मी जल्दी येतो." मी शिवण घेऊन जाऊन बसले. कौसाबाईंना झोप लागली होती. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता आणि एक बाई इडल्या काढत होती. निळ्या इडल्या. आणि त्या बोटानं दाबून, "बघा कशा छान झाल्यात," असं म्हणत होती. मला राहवेना. कानावरची दांडी आप्पा टीव्हीवर ठेवून गेले होते. मी उठले.

देवानं मला तेव्हाच एक झटका द्यायला हवा होता. पण तोही अशा वेळी कुठं असतो कोण जाणे. मी माळ्यावरून आरसा काढला, भिंतीला टेकवला आणि पाटावर बसले. निळीचा पेच मागं घेतला, कुंकवाचा पुढं, बांगडीचा जरासा. इडलीला इडलीचा रंग आला. शेजारची चटणी हिरवी झाली, बाईच्या गालावर रक्त आलं. आप्पांना वर्षभरात जमलं नाही ते मी बसल्या बैठकीला केलं, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत पुढं आले. आता कौसाबाई उठतील, "बराबर" म्हणतील, आप्पा येऊन ऐकतील. मी हे सगळं भल्यासाठी केलं होतं. वाईट करायला एवढी अक्कल लागत नाही.

कौसाबाईंनी डोळे उघडले. "शांते, हे काय केलंस? समदं हळदीत बुडवलंस की."

"हळद कुठली? नीट बघा तरी. इडल्या बघा."

"पिवळ्या हायत."

"पांढऱ्याशुभ्र आहेत, कौसाबाय."

"शप्पथ?"

"माझ्या लेकराची शप्पथ. दुधासारख्या आहेत."

मग अंगावरची चादर चिमटीत धरून म्हणाल्या, "अन् ही?"

"पांढरी. काल मीच तर धुतली."

"तुझी कावीळ गेली का गं?"

"मला कुठं झाली होती कावीळ!" मी हसत म्हटलं. आणि माझं मलाच ऐकू आलं, तेव्हा हसणं तोंडातच राहिलं.

कौसाबाईंनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा झाकून पाहिला. घाई नव्हती त्यांना. बाई तांदूळ निवडते तशा बघत होत्या. मग हात खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरं."

मी उठून परत मागं धावले. "थांबा, मी होतं तसं करते," असं काहीतरी बरळत होते.

"राहू दे," कौसाबाई म्हणाल्या. "आता हात नको लावू. अन् शांते, रडू नको. चहा मिळायचा न्हाई."

आप्पा आले. पिशवी खाली ठेवली. दारातूनच त्यांना पडदा दिसला. पुढून दिसला, सरळ, कोणाच्याही घरच्या टीव्हीसारखा. टेकवलेला आरसा दिसला. मग माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी बघितलंय, पण तसं कोणी बघू नये. ते तोंड उघडणार, तेवढ्यात कौसाबाईच म्हणाल्या, "अहो, झालं बगा येकदाचं. बराबर झालं."

आप्पा बाजेजवळ गेले. "पांढरं?"

"बिलकुल पांढरं. दुधावानी."

वर्षभर "न्हाई" म्हणणारी बाई, ज्या दिवशी तिला सगळ्यात पिवळं दिसत होतं नेमक्या त्याच दिवशी "बराबर" म्हणाली. डोळे चाललेत हे तिला कळलं आणि ते आप्पांना कळू नये म्हणून ती खोटं बोलली, हे मला कळलं, आणि मला कळलं म्हणजे आप्पांना कळलंच असणार. आप्पा म्हणाले, "बरं झालं." माळ्यावरून टीव्हीचं मागचं झाकण काढलं, धूळ पुसली, जागेवर बसवलं आणि एक-एक करून सगळे स्क्रू आवळले. टीव्हीतली बाई आता सांबार ढवळत होती.

मी निघाले तसे आप्पा माझ्या मागोमाग ओट्यावर आले. दार ओढून घेतलं. आवाज खाली करून म्हणाले, "साल झालं, जालन्याच्या डाक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितल्तं. साखरेनं डोळ्याचा पडदाच खाल्ला. मोतीबिंदू काढूनबी उपयोग न्हाई म्हणले. जात-जात जाणार. पाय गेल्ता तवा तिनं कसं काढलं ते मी बगितल्तं. मंग डोळे बी जाऊन राह्यले हे कसं सांगू? टूबवर ढकललं, अन् तिचं पिवळं मारायला निळा वाढवत गेलो. टूबला काय, वाईट वाटत न्हाई."

मी तेच ते म्हटलं, जे सगळे म्हणतात. "आप्पा, चुकलं माझं. माफ करा."

आप्पा चिडले असते तर मी तेवढ्यावर सुटले असते. ते चिडले नाहीत. दाराकडं पाहत, खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "माफी कशाला वैनी, टीव्ही तर बराबर झाला. फकस्त येवढं सांगा, उद्या सकाळपासून मी तिला काय इचारू, अन् तिनं मला काय सांगावं?"